दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू: मुलाचं ‘बरं चाललंय’ हे कशावरून ओळखायचं?

सायंतारा

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. जन्मतः डाव्या बाजूने ओठ, हिरडी आणि टाळू तिन्ही दुभंगलेलं. ओठ काही महिन्यांची असताना शिवला, टाळू वर्षाची व्हायच्या सुमारास. कानांत ग्रोमेट (आत पाणी साठू नये म्हणून पडद्यात बसवायच्या छोट्या नळ्या) घालून झाले. स्पीच थेरपी अजून चालू आहे. आता हिरडीत हाड भरायची शस्त्रक्रिया समोर आहे.

पण धागा काढायचं कारण वेगळं. भेटेल तो माणूस तिच्या ओठाकडे बघतो आणि म्हणतो, ‘किती छान झालंय, कळतसुद्धा नाही!’ त्यांच्या मते विषय तिथे संपतो. मी मात्र दुसऱ्याच गोष्टींवर नजर ठेवून असते. वर्गात उत्तर येत असताना ती हात वर करते का? अनोळखी माणसाचा फोन घेते का? चारचौघांत जेवताना तोंडावर हात धरते का? तिचं आयुष्य कसं चाललंय ते मला इथे दिसतं, टाक्याच्या रेषेत नाही.

ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत, किंवा जे स्वतः यातून गेलेत, त्यांनी सांगा: खरा फरक कशाने पडला? ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे खूप ऐकून झालंय. त्याच्या पुढचं लिहा.

कोरापान

ताई, माझ्या भाच्याला होतं. माझं स्पष्ट मत आहे की शाळेत घालायच्या आत सगळ्या शस्त्रक्रिया उरकून घ्याव्यात. मुलं चिडवतात ती वेगळं दिसलं की. वेगळं दिसलंच नाही तर प्रश्नच मिटला.

दंतकथा

कोरापान, भावना समजते, पण सगळं शाळेआधी उरकता येत नाही आणि ते मुलाच्या हिताचंही नाही. मी ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबड्याची ठेवण सुधारणारा डॉक्टर) आहे, क्लेफ्टच्या, म्हणजे ओठ-टाळू दुभंगलेल्या, मुलांबरोबर बरीच वर्षं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेहरा वाढत असतो. टाळू शिवल्यावर तिथे जो व्रण तयार होतो तो वरच्या जबड्याची पुढची वाढ थोडीफार रोखतो. म्हणून वरचा जबडा आत आणि खालचा पुढे, असं पुष्कळ मुलांत किशोरवयात दिसायला लागतं. लहानपणी जितकी जास्त कापाकापी, तितके व्रण जास्त.

हिरडीतल्या हाडाचंही वेळापत्रक आहे. कायमचा सुळा खाली उतरायच्या आधी, साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून हिरडीच्या फटीत भरतात. सुळ्याचं मूळ किती तयार झालंय ते एक्स-रेवर बघून वेळ ठरते. भरलेल्या हाडातून सुळा खाली आला की ते हाड टिकतं, नाकाच्या बाजूला आधार मिळतो, दातांची कमान अखंड होते. चौथ्या वर्षी घाई करून यातलं काही साधत नाही. जबडा पुढे घ्यायची शस्त्रक्रिया लागलीच, तर ती वाढ थांबल्यावर, सतरा-अठराच्या पुढे.

म्हणजे हे मूल पूर्ण शालेय आयुष्य ‘अजून काहीतरी बाकी आहे’ या अवस्थेत काढणार. त्या काळात ते आनंदात कसं राहील हा खरा प्रश्न आहे, आणि सायंतारा तोच विचारताहेत.

बाबा_नवखा

माफ करा, मध्येच घुसतोय. आमचं बाळ दीड महिन्याचं आहे, ओठ आणि टाळू दोन्ही. तुम्ही सगळे शाळेच्या गोष्टी करताय, आम्ही अजून दुधाशीच झगडतोय. तासभर पाजतो, दमून झोपतं, वजन वाढत नाही. बायको रडते की माझ्यातच काही कमी पडलं. या दिवसांत कसले आयुष्याचे विचार करायचे?

उंबरठा

दादा, अजिबात माफी मागू नका. सुरुवात तिथूनच होते.

पहिली गोष्ट वहिनींना सांगा: टाळू उघडी असली की तोंडात पोकळी धरून ओढ निर्माण होत नाही. बाळाला भूक आहे, तोंड हलतंय, पण दूध येत नाही. यात आईच्या दुधाचा दोष नाही आणि बाळाच्या ताकदीचाही नाही. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात, टाळूच्या बाबतीत ते सहसा जमत नाही. आईचं दूध काढून क्लेफ्टसाठीच्या बाटलीतून द्या. मऊ, दाबता येणारी बाटली मिळते, किंवा झडप असलेलं बूच मिळतं. बाळ तोंड हलवेल त्या लयीत आपण हलकेच दाबायचं. बाळाला बसतं धरा, म्हणजे दूध नाकात कमी जाईल. अशी बाळं हवा खूप गिळतात, तेव्हा मध्ये मध्ये ढेकर काढा.

एक पाजणं अर्ध्या तासाच्या आत संपलं पाहिजे. त्याच्या पुढे गेलं तर जेवढं पोटात जातं तेवढं पिण्याच्या श्रमातच खर्च होतं. आणि वजन वाढत नसेल तर थांबू नका, उद्याच क्लेफ्ट टीमच्या नर्सला बाळ पिताना दाखवा. फोनवर सांगून हे कळत नाही, समोर पाजून दाखवावं लागतं.

बाबा_नवखा

तासभर पाजणं हेच चुकतंय, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच जातो. मनापासून आभार.

जुनाखेळाडू

मी चाळिशी ओलांडलेला माणूस. जन्मतः दोन्ही बाजूंनी ओठ आणि टाळू. सायंताराताई, तुमच्याशी थोडा असहमत आहे.

दिसण्याने फरक पडतो. मला पडला. माझ्या घरी सगळे म्हणायचे, ‘दिसण्यात काय आहे, माणूस मनाने सुंदर हवा.’ त्यामुळे आरशात बघून मला जे वाटायचं ते बोलायची सोयच उरली नाही. वाईट वाटलं की वाटायचं, आपणच उथळ आहोत. सोळाव्या वर्षी एका डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून सरळ विचारलं, ‘तुला स्वतःच्या चेहऱ्यातलं काय खटकतं?’ तोपर्यंत हा प्रश्न नेहमी आईला विचारला जायचा आणि मी शेजारी बसून ऐकायचो.

पुढे जबड्याची शस्त्रक्रिया झाली. त्याने मी देखणा वगैरे झालो नाही. पण दात दातावर बसले, चावता यायला लागलं, आणि फोटोत मी मागच्या रांगेत उभं राहणं बंद केलं. तेव्हा मुलीला दिसण्याबद्दल बोलायचं असेल तर तिला बोलू द्या. ‘कळतसुद्धा नाही’ म्हणणारे आणि ‘दिसण्यात काय आहे’ म्हणणारे, दोघेही तिला गप्पच करतात.

सायंतारा

जुनाखेळाडू दादा, हे मनाला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तुमच्या डॉक्टरांचा तो प्रश्न तिला आज ना उद्या विचारीन.

उंबरठा

आता माझी बाजू, आणि ती जरा उलटी आहे. माझ्या मुलाची फक्त टाळू दुभंगलेली होती, तीही मागची, मऊ. चेहरा बघाल तर काहीच नाही. लोक म्हणतात, ‘नशीब, ओठ तरी धड आहे.’

बाहेरून काही दिसत नाही म्हणून कुणी सांभाळूनही घेत नाही. पहिलीत बाईंचा निरोप यायचा की हा पुटपुटतो, लक्ष देत नाही, मुद्दाम स्पष्ट बोलत नाही. खरं म्हणजे त्याच्या कानात पाणी साठलं होतं, त्याला अर्धं ऐकूच येत नव्हतं. ज्याच्या ओठावर रेषा आहे त्याला निदान काहीतरी झालं होतं हे जगाला कळतं. माझ्याला दरवेळी सिद्ध करावं लागलं.

निरभ्र

उंबरठा, तुम्ही म्हणताय ते बऱ्याच देशांच्या शालेय निकालांच्या अभ्यासातही दिसलंय. नुसती टाळू दुभंगलेल्या मुलांचे निकाल नुसता ओठ दुभंगलेल्या मुलांपेक्षा सरासरीने कमी येतात. यात ऐकणं आणि बोलणं येतंच, शिवाय नुसत्या टाळूच्या दुभंगाबरोबर काही वेळा इतर जन्मजात गोष्टीही असतात, त्यांचाही वाटा असतो. चेहऱ्यावर जितका दुभंग दिसतो तितकंच मुलाचं आयुष्य अवघड, असा सरळ हिशोब नाही.

वाक्_दीप

मी स्पीच थेरपिस्ट. कानाचा विषय निघालाच आहे तर सांगते. टाळू ताणणारा एक छोटा स्नायू असतो. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून घशाकडे जी नळी येते, ती उघडण्याचं काम तोच करतो. टाळू दुभंगली की हा स्नायू नीट जोडलेला नसतो, नळी उघडत नाही आणि कानात चिकट पाणी साठतं. टाळूच्या दुभंगाच्या जवळजवळ प्रत्येक बाळात हे होतं. बाळ पूर्ण बहिरं नसतं, पण त्याला सगळं दबलेलं ऐकू येतं, कानात कापूस घालून ऐकावं तसं. आणि हे होतं नेमकं भाषा शिकायच्या वर्षांत.

आता बोलणं. म, न, ण सोडले तर आपले बहुतेक वर्ण तोंडात हवा कोंडून किंवा तोंडातून सोडून तयार होतात. त्यासाठी मऊ टाळूने मागे उचलून नाकाचा रस्ता बंद करावा लागतो. तो बंद झाला नाही की ‘बाबा’चं ‘मामा’सारखं ऐकू येतं, ‘स’ म्हणताना नाकातून हवा फुसफुसते, आवाज गेंगाणा होतो. मूल हुशार असतं. तोंडात दाब धरता येत नाही म्हटल्यावर ते घशातच आवाज अडवायला शिकतं. ‘क’ किंवा ‘ट’च्या जागी घशात नुसता झटका ऐकू येतो. ही सवय एकदा बसली की टाळू उत्तम शिवल्यावरही आपोआप जात नाही, थेरपीनेच जाते. उलट, मऊ टाळूच आखूड असेल तर कितीही थेरपी करा, आवाज नाकात जायचा थांबत नाही, तिथे शस्त्रक्रियाच लागते. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं फार महत्त्वाचं आहे. वर्षानुवर्षं ‘अजून सराव कर’ ऐकणाऱ्या मुलाला वाटत राहतं की आपणच कमी पडतोय.

कोरापान

भाच्याला फुगे फुगवायला आणि स्ट्रॉने फुंकायला सांगितलं होतं, टाळू मजबूत होते म्हणून. रोज संध्याकाळी घरात फुगेच फुगे. त्याला मजा यायची!

वाक्_दीप

मजेसाठी खुशाल फुगवू दे. पण त्याने बोलणं सुधारत नाही. फुंकताना टाळू ज्या पद्धतीने हलते आणि बोलताना ज्या पद्धतीने हलते, त्या दोन वेगळ्या हालचाली आहेत. बोलणं सुधारतं ते बोलण्याच्याच सरावाने: आधी सुटा वर्ण, मग अक्षर, मग शब्द, मग वाक्य. अर्ध्या तासाचे फुगे करण्यापेक्षा दहा मिनिटं योग्य जागी ‘प’ म्हणायला लावा. मुलाकडे वेळ आणि उत्साह दोन्ही मोजकेच असतात.

बाबा_नवखा

मग टाळू जितक्या लवकर शिवू तितकं बोलणं चांगलं, असं आहे का? पण वर दंतकथा म्हणाले की लवकर केलं तर वाढ खुंटते.

निरभ्र

चांगला प्रश्न. यावर एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. नुसती टाळू दुभंगलेली आणि दुसरा आजार नसलेली ५५८ बाळं घेतली. निम्म्यांची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात, निम्म्यांची बाराव्या. पाचव्या वर्षी बोलणं तपासलं तेव्हा टाळूने नाकाचा रस्ता पुरेसा बंद न होणाऱ्या मुलांचं प्रमाण सहा महिन्यांच्या गटात ८.९ टक्के आणि बारा महिन्यांच्या गटात १५ टक्के निघालं. म्हणजे लवकर केल्याचा बोलण्याला फायदा दिसला. मात्र ही सगळी केंद्रं लहान बाळांना सुरक्षित भूल देऊ शकणारी होती, आणि ओठ-टाळू दोन्ही दुभंगलेली बाळं त्यात नव्हती. तुमच्या बाळाचं वय ठरवताना वजन, श्वास, भूल देणाऱ्यांचा अनुभव हे सगळं बघूनच टीम सांगेल.

मधली_सुट्टी

मी प्राथमिक शिक्षिका. आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने तिच्या ओठाकडे बोट दाखवून विचारलं, ‘दुखतं का?’ ती म्हणाली, ‘फक्त गणिताच्या तासाला.’ सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि तिची जागा वर्गात पक्की झाली.

पण प्रत्येक मूल इतकं हजरजबाबी नसतं, आणि असावं अशी अपेक्षाही नको. पालकांना एक सुचवते. घरी दोन वाक्यांचं उत्तर तयार करून ठेवा: ‘जन्मलो तेव्हा माझा ओठ जोडलेला नव्हता. डॉक्टरांनी जोडला.’ आणि लगेच दुसरा विषय, ‘चल, खेळू.’ बहुतेक मुलं कुतूहलाने विचारतात, उत्तर मिळालं की त्यांचं समाधान होतं. जी तरीही चिडवत राहतात, ती मोठ्यांनी थांबवायची गोष्ट आहे. ते काम त्या मुलावर टाकू नका.

शिक्षकांसाठीही: समजलं नाही तर सगळ्या वर्गासमोर ‘परत बोल, परत बोल’ करू नका. जेवढं समजलं तेवढं आपण म्हणून दाखवा आणि उरलेलं विचारा. आणि मोठ्याने वाचायला इतरांइतकंच सांगा. दया म्हणून वगळलेलं मुलांना लगेच कळतं.

जुनाखेळाडू

+१. मला नाटकात नेहमी झाडाची भूमिका मिळायची. एकदा एका सरांनी संवाद दिला, चार ओळींचा. तो मला आजही पाठ आहे.

शब्दवेल

उशिरा लिहितेय. मी स्वतः क्लेफ्ट घेऊन जन्मलेली, आता मूल होऊ द्यायचा विचार करतेय. नाकाची शेवटची शस्त्रक्रिया मी नाकारली. सगळ्यांना धक्का बसला. ‘एवढं केलंस, आता शेवटचं का नको?’ कारण श्वास नीट चालतो, खाणं-बोलणं नीट आहे, आणि मला माझं नाक ओळखीचं वाटतं. नकार देता येतो हे कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे शरीर माझं आहे. लहानपणापासून ते टीमचं आणि आईबाबांचं असल्यासारखंच वाटत होतं.

ज्यांना करायची आहे त्यांनी जरूर करावी. मुलांना विचारा, एवढंच म्हणणं आहे. जी शस्त्रक्रिया थांबू शकते ती मुलाला समजायला लागेपर्यंत थांबवा.

एक प्रश्न: माझ्या बाळाला होण्याची शक्यता किती?

निरभ्र

जगभरात साधारण दर ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठाचा किंवा टाळूचा दुभंग असतो. आईला किंवा वडिलांना असेल आणि त्यामागे एखादा सिंड्रोम (अनेक जन्मजात लक्षणं एकत्र असणारा आजार) नसेल, तर शक्यता साधारण ३ ते ५ टक्के धरतात. म्हणजे बाळाला नसण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. पण खालच्या ओठावर छोटे खड्डे असतील, किंवा घरात आणखी कुणाला दुभंग असेल, तर गणित बदलतं. तेव्हा दिवस राहण्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. धूम्रपान टाळणं आणि फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करणं हे तर आहेच.

बाबा_नवखा यांच्या पत्नीसाठीही लिहितो: ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. पुष्कळ बायकांना तेव्हा आपण गरोदर आहोत हे नुकतंच कळलेलं असतं. बहुतेक वेळा बोट ठेवता येईल असं एक कारण सापडतच नाही.

आणि शब्दवेल ‘मुलांना विचारा’ म्हणताहेत, त्यासाठी एक साधन आहे. ‘क्लेफ्ट-क्यू’ नावाची प्रश्नावली, ८ ते २९ वयासाठी. १२ देशांतल्या रुग्णांकडून तपासून घेतलेली आहे. उत्तरं मुलं स्वतः देतात, पालक नाहीत. चेहरा, दात, ओठ, नाक, व्रण यांबद्दल त्यांना काय वाटतं, बोलताना किती ताण येतो, मित्रांत कसं वाटतं, शाळेत कसं वाटतं, असं वेगवेगळं विचारतात. पालकांचं आणि मुलांचं उत्तर अनेकदा जुळत नाही. पालक दिसण्याची काळजी करत असतात आणि मूल भलत्याच गोष्टीने त्रासलेलं असतं, किंवा याच्या उलट.

सायंतारा

निरभ्र यांचं वाचून काल मुलीला विचारलंच. रात्री दिवा मालवून गंभीरपणे वगैरे नाही, कपड्यांच्या घड्या घालता घालता. ‘तुझ्या तोंडाबद्दल एक गोष्ट बदलता आली तर काय बदलशील?’

मला वाटलं होतं ओठ म्हणेल, नाहीतर वाकडा दात. ती म्हणाली, ‘हसताना पाणी नाकातून येतं ते.’ हिरडीच्या वर एक बारीक भोक राहिलंय, मला माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत आहे. पण मैत्रिणींबरोबर असताना ती पाणीच पीत नाही, शाळेतून बाटली भरलेली परत येते ती यासाठी, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते विसरते. दुसरं म्हणाली, ‘फोनवर मला कुणी दादा म्हणू नये.’ आणि ओठ? ‘ओठाला काय झालंय?’

जुनाखेळाडू दादा, दिसण्याबद्दल ती कधी बोललीच तर तुमचं लक्षात ठेवीन. आत्ता तरी तिचा मुद्दा पाण्याचा आहे. दंतकथा, हाड भरताना हे भोक बंद होतं का?

दंतकथा

होय, हिरडीच्या जागचं भोक त्याच शस्त्रक्रियेत बंद करतात. भरलेलं हाड टिकायला नाकाची आणि तोंडाची बाजू दोन्ही नीट शिवलेल्या लागतातच. टाळूत मागे आणखी भोक असेल तर ते वेगळं बघावं लागतं, म्हणून सर्जनना पाण्याबद्दल तिलाच सांगू द्या.

तिला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. काही दिवस तोंडापेक्षा कंबर जास्त दुखेल, चालताना लंगडेल. आणि काही आठवडे मऊ खाणं आणि धावपळ बंद. आधी सांगितलं की मुलं छान सहन करतात.

बाबा_नवखा

नर्सला दाखवून आलो. बाटली बदलली, धरायची पद्धत बदलली. वीस-पंचवीस मिनिटांत संपतंय. वजन पुढच्या आठवड्यात बघायचंय. बायकोने हा सगळा धागा वाचला, शब्दवेल यांचं दोनदा. जन्मानंतरची कानाची तपासणी ठीक आली होती. तरीही परत करायची का?

वाक्_दीप

हो, करायचीच. जन्मानंतर ठीक आली तरी पाणी पुढे साठू शकतं. टाळूच्या शस्त्रक्रियेच्या आधी एकदा तपासून घ्या. ग्रोमेट लागणार असेल तर बऱ्याच ठिकाणी त्याच भुलेत घालतात, वेगळी भूल द्यावी लागत नाही. त्यानंतर शाळेच्या वयापर्यंत ठरावीक काळाने तपासत राहा. आणि आत्तापासून बाळाशी खूप बोला, तोंड दिसेल इतकं जवळ जाऊन.